गल्लीच्या तोंडचा ट्रान्सफॉर्मर

सांगून टाकते, म्हणजे एकदाचं पोटातलं ओठावर येईल. सासूबाईंच्या गादीत हवा भरायचं, थेट अमेरिकेहून सुटकेसमधून आलेलं कोरं करकरीत मशीन मी पाऊण मिनिटात जाळलं. हात चुकून लागला, लाइट जास्त आली, असलं काही नाही. मी विचार करून जाळलं. विळीवर वायर कापून, दातांनी सोलून, अगदी व्यवस्थित जाळलं. वर बटण दाबायच्या आधी सासूबाईंना म्हणाले, "बघा आता गंमत."

हे करणारी बाई तेव्हा चोपन्न वर्षांची होती. आज मी एकाहत्तरची आहे आणि ती आठवली की मला तिचा कान पिरगाळावासा वाटतो. तिला काय वाटायचं, तर आपल्याला विजेतलं कळतं. का, तर मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत कुणाचा फ्यूज उडाला की तिला हाक यायची. पुरुषमाणसं कामावर, वायरमन चहाला. मग ही पदर खोचून स्टुलावर चढायची आणि फ्यूजला तार गुंडाळून द्यायची. दिवा लागला की खाली उभ्या बायका "अगंबाई!" म्हणायच्या. त्या अगंबाईवर तिचं विजेचं शिक्षण पूर्ण झालं होतं. तार कुठे अडकवायची तेवढं ठाऊक. ती मुळात वितळते कशासाठी, हे तिने कुणाला कधी विचारलं नाही. विचारायचं तर थांबावं लागतं, आणि थांबणं तिच्या पत्रिकेत नव्हतं. मालिकासुद्धा ती स्वयंपाकघर ते पुढची खोली अशा फेऱ्या मारत बघायची. नायिकेचं लग्न ठरलेलं तिला कळायचं, मोडलेलं कळायचं नाही, कारण तेव्हा ती कुकर उतरवायला गेलेली असायची.

सासूबाई कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या खेड्यातल्या. तिकडे आईला अव्वा म्हणतात, म्हणून घरात काय, गल्लीत काय, त्या सगळ्यांच्याच अव्वा. त्या वर्षी मोरीत पाय घसरला आणि खुबा मोडला. हृदय अशक्त, ऑपरेशन झेपायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढच्या खोलीत पलंग टाकला आणि अव्वा आडव्या झाल्या. जिभेला मात्र काही झालं नव्हतं. महिन्याभरात माकडहाडावर लाल डाग उठला, मग वरची कातडी गेली, मग लिंबाएवढी जखम. डॉक्टरांनी मला दाराबाहेर बोलावून सांगितलं, "दर दोन तासांनी कूस बदला, चुकवू नका. ही जखम आत उतरून हाडाला लागली तर मग माझ्या हातात काही राहणार नाही."

आमचे हे वारणानगरला नोकरीला. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. मधले दिवस घरात मी आणि अव्वा. रोज सकाळी पट्टी सोडताना मी श्वास धरून बघायची, कालच्यापेक्षा मोठी की तेवढीच? लहान झाली असेल, असा तिसरा विचार करायची छातीच नव्हती. दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे दोन तास घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालायच्या, घाईघाईत अव्वांना वळवायचं, "झालं?" विचारायचं आणि परत सुटायचं. पंचाईत अशी की मी घरात असूनही घरभर असायची. अव्वांच्या जवळ तेवढी नसायची.

अशात माझे धाकटे दीर अमेरिकेहून चार दिवसांसाठी धावत आले. कपडे दोन जोड आणि सुटकेसभर गादी. तिकडच्या दवाखान्यात असते तसली. आडव्या नळकांड्यांची; आधी एक सोडून एक नळकांडं फुगतं, दहा मिनिटांनी ती बसतात आणि मधली फुगतात. म्हणजे माणसाची पाठ एका जागी दबून राहत नाही. हा सगळा खेळ करणारं मशीन चपातीच्या डब्याएवढं, पलंगाच्या कडेला अडकवायचं. आपल्याकडे तेव्हा पाण्याची गादी मिळायची, ही अशी सहजासहजी मिळत नव्हती. भावजींनी दोन दिवस ती कुठे वळली, कुठे दुमडली बघत घालवले. स्वतः राहू शकत नव्हते ना; मग जे राहणार होतं ते नीट बसवत होते.

मंगळवारी त्यांना निघायचं होतं. अव्वांना आम्ही शेजाऱ्यांना हाताशी घेऊन त्या गादीवर उचलून ठेवलं, नळ्या जोडल्या, मशीन अडकवलं. रिक्षा दारात येऊन भोंगा वाजवायला लागली. भावजी एका हाताने बूट चढवत, दुसऱ्याने डोळे पुसत म्हणाले,

"वहिनी, ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नका हं. विसरायचं नाही."

"अहो, ट्रान्सफॉर्मर आहे की!"

"आहे? कुठे?"

"गल्लीच्या तोंडालाच. दोन पावलांवर."

"अरे वा. मग माझी काळजी मिटली," म्हणाले आणि रिक्षात बसले.

त्यांना वाटलं गल्लीच्या तोंडाला दुकान आहे. मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, येता-जाता तो खांबावरचा राखाडी, मिशांसारख्या तारा फुटलेला ट्रान्सफॉर्मर ह्याला दिसला कसा नाही! त्याच्यावर कावळ्यांची शाळा भरते. गेल्याच महिन्यात त्याच्यातून ठिणग्या उडाल्या तेव्हा फोन करणारी मीच होते. ट्रान्सफॉर्मर म्हणजे तो. दुसरा कसला असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

बुधवारी सकाळी अव्वांचं अंग पुसून झालं आणि मी कामाला लागले. मशीनची पिन निराळीच. दोन चपट्या पात्या. आमच्या भिंतीतल्या गोल भोकांत त्या जाईनात. मी वाकडी करून पाहिली, ढकलून पाहिली. मग म्हटलं, हात्तिच्या, पिनच बदलू. घरात एक जुनी तीन खुंट्यांची पिन होती. विळीवर अमेरिकन पिन उडवली, कचऱ्याच्या बादलीत टाकली. वायर सोलली आणि आपली पिन जोडली. वायरी दोनच होत्या, खुंट्या तीन. म्हटलं, तिसरी काय, असेल शोभेची.

मशीनच्या पाठीवर चिठ्ठी होती. १२० आणि ६० असे आकडे होते. ते मी वाचले नाहीत असं समजू नका. चांगले चष्मा लावून वाचले. ह्याला एकशेवीस लागतं, आपल्याकडे येतं दोनशेतीस. म्हणजे कमी तर पडत नाही ना? आमच्या घरी आलेला माणूस कधी अर्धपोटी उठला नाही. नको नको म्हणणाऱ्याच्या ताटात दुसरी पोळी आणि वर तुपाची धार घालणारी बाई मी. मशीन परदेशातून आलंय, होऊ दे की पोटभर!

बटण दाबलं. मशीन असं गुरगुरलं की पलंगाचा कठडा थरथरला. अव्वांच्या अंगाखाली गादी तरारून उठली. "बघितलंत?" मी म्हणाले. तोवर गुरगुरण्याचा किंकाळीसारखा आवाज झाला, मशीनच्या फटीतून निळा धूर आला, फट्ट झालं आणि घरातला पंखा, फ्रीज, देवघरातला दिवा सगळं एकदम बंद. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि परत येऊन पिन ओढली. आवाज कधीच थांबला होता, वास मात्र हटेना.

"काय जळालं गं?" अव्वा.

"शेजारी लसूण करपला वाटतं."

"माझं कंबार मोडलंय, नाक न्हाय."

नळ्यांमधून हवा सुऽ करत निघाली होती आणि अव्वा हळूहळू खाली चालल्या होत्या.

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? भावजींना फोन केला असता. ह्यांना बोलावलं असतं. पण भावजी विमानात होते, डोळे पुसत गेलेले, आणि ह्यांना सांगायचं म्हणजे "तुला कुणी सांगितलं होतं?" ऐकायचं. शनिवारी हे येणार, शनिवारीच डॉक्टर जखम बघायला येणार. मी ठरवलं, तोवर निस्तरायचं. आणि तोवर अव्वांच्या पाठीला हवा लागतेय ना, मग हवा द्यायची. ह्यांच्या सायकलचा पंप काढला. त्याच्या तोंडाला चिंधी गुंडाळून नळीत कोंबला आणि मारायला लागले. एका नळीत हवा भरायची, नळी दुमडून रबराने बांधायची, दुसरीत भरायची, पहिली सोडायची.

"काय करालीस?"

"मशीनला जरा हात देतेय."

"होडीत बसवलंस व्हय गं मला? एकदा हिकडं, एकदा तिकडं. हितं नदी कुठाय?"

अकरापर्यंत माझे दंड भरून आले. पंप मारता मारता मी चक्कर येऊन गादीवरच पडले असते आणि दोघींना एकदम उचलायची वेळ आली असती. पंप टाकला. मग काय उरलं? हात. दोन तासांऐवजी मी तासातासाला अव्वांना वळवायला लागले. वळवायचं, पाठीला उशी लावायची, पोटऱ्या चोळायच्या, आणि जखमेची धास्ती अशी की बाजूला जायला मन होईना. मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. बसले म्हणजे काय, एक पाय सारखा हलत होता.

"पाय हलवू नगंस," अव्वा म्हणाल्या, "पलंग हालतोय."

पाय थांबवला, तर बोटं सुरू झाली. त्यांनी माझा हात धरून ठेवला. म्हणाल्या, "केस विंचर माझे. काय तरी कर हातानं." मी विंचरले. मग त्यांनी मला त्यांच्या माहेरच्या म्हशीची गोष्ट सांगितली, जी त्यांच्याशिवाय कुणाला धार देत नव्हती, म्हणून लग्नानंतर आठ दिवसांत त्यांच्या वडिलांनी त्यांना परत नेलं होतं. तीस वर्षं एका घरात राहून ही गोष्ट मी ऐकली नव्हती. त्यांनी सांगितली नसेल असं नाही. मी अर्ध्यातून उठले असेन.

गुरुवारी सकाळी पट्टी सोडली. जखमेची कड काळसर निळी झाली होती. शेजारणीला "तासभर बसा हो, दर पाऊण तासाने वळवा" असं बजावून, जळकं मशीन पिशवीत घालून मी उद्यमनगरात गेले. शेतातल्या पंपाची मोटर जळली की माणसं तिकडे भरून घ्यायला नेतात. भरून म्हणजे आतली जळकी तांब्याची तार काढून नवी गुंडाळून. एका बारक्या शेडवर तसली पाटी होती. आत दाढीवाले, चष्म्याला दोरा लावलेले एक मिस्त्री तार गुंडाळत, तोंडाने वेढे मोजत बसले होते.

"अहो मिस्त्री, हे जरा..."

"दोनशे बारा, दोनशे तेरा..."

"घाईचं आहे हो, घरी पेशंट..."

"दोनशे... चौदा का पंधरा? ओ ताई, गप ऱ्हावा की जरा! आता परत पयल्यापास्नं आलं."

त्यांनी खरंच सगळी तार उलगडली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. दुसरी कुठली शिक्षा मला इतकी लागली नसती. साडेतीनशे वेढे होईपर्यंत मी शेडच्या दारात पाच पावलं इकडे, पाच तिकडे करत होते. शेवटी त्यांनी मशीन हातात घेतलं, वास घेतला.

"कुणी जाळलं?"

"लाइटचा काहीतरी झटका..."

"लाइटचं नाव नगा घिऊ. कुणी जाळलं?"

"मी."

"मग हुतंय काय तरी," म्हणाले आणि स्क्रू सोडायला लागले. "ट्रान्सफॉर्मर लावला न्हाईसा?"

"आहे की. गल्लीच्या तोंडाला. खांबावर."

मिस्त्रींचा हात थांबला. शेजारच्या लेथच्या शेडकडे तोंड करून ते ओरडले, "अरं हिकडं या रं! ह्या ताईंनी घरच्या मशीनला खांबावरचा आख्खा डीपी लावलाय!"

तीन माणसं हात पुसत आली आणि मला बघून गेली. मिस्त्री हसून झाल्यावर म्हणाले, "तो खांबावरचा अकरा हजाराचं तुमच्या घरचं दोनशेतीस करतोय. दोनशेतीसचं एकशेवीस कोण करणार? त्याला घरातला ट्रान्सफॉर्मर लागतोय, लहान. ह्या पावण्याची भूकच अर्धी. तुम्ही दुप्पट वाढलंसा. आग्रह करून मारलासा की!"

मशीन उघडलं. आत एक तांब्याचं वेटोळं काळं ठिक्कर. बाजूला सुपारीएवढी एक मोटर होती. ती दहा-दहा मिनिटांनी हवेची वाट बदलणारी. मिस्त्रींनी तिला मीटर लावला आणि मान हलवली. "ही वाचली. हिची तार केसागत. ही गेली असती तर मी बी हात वर केलं असतं." वेटोळं भरून मिळेल, ट्रान्सफॉर्मरही इथेच करून देतो, पण सोमवारी या, म्हणाले. पुढे दोन मोटारी पडल्यात, शेतकऱ्यांच्या.

"सोमवारी नाही चालणार."

"का? मशीन कशाचं हाय?"

मी सांगितलं. अव्वा, लिंबाएवढी जखम, आजची काळी कड, सगळं. मिस्त्रींनी चष्मा काढला. "ह्ये आधी सांगायचं न्हाय व्हय? येड्यागत वेढं मोजत बसलोय मी हितं." मोटारी त्यांनी पायाने बाजूला सारल्या. "उसाला दोन दिस उशीर चालतोय. उद्या दुपारी नमाजला जाऊन येतो, तीनला या. आणि ती कापलेली पिन आणा. चपटी."

"ती कशाला? नवी लावली की मी."

"ताई, पिन बसत नव्हती म्हंजे मशीन तुम्हाला न्हाय म्हणत हुतं. तुम्ही त्याचं तोंडच कापलंसा. ती पिन परत लावायची. म्हंजे ते फक्त माझ्या ट्रान्सफॉर्मरमधीच बसंल. उद्या कुणी बी भिंतीत घालतो म्हटलं तरी जाणार न्हाय."

घरी येऊन मी ओल्या कचऱ्याच्या बादलीत कोपरापर्यंत हात घातला. घंटागाडी त्या दोन दिवसांत आली नव्हती. एरवी त्यावरून मी किती भांडले असते.

"काय शोधालीस?" अव्वा.

"पिन पडली."

"केसाची?"

"हो."

"बादलीत?"

चपटी पिन दोडक्याच्या सालींत सापडली. अव्वा डोळे मिटून पडल्या होत्या, पण त्यांचे ओठ हसू दाबताना होतात तसे झाले होते. माझं लक्ष नव्हतं. लक्ष पाठीकडे होतं. ती रात्र, पुढची सकाळ, तासातासाला कूस, आणि मध्ये पुन्हा म्हैस. म्हशीनंतर त्यांच्या बहिणीचं लग्न. मग एक कानडी गाणं, ज्याचा अर्थ त्यांनी सांगितला आणि मला आवरेना इतकं हसू आलं. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

शुक्रवारी तीनला ट्रान्सफॉर्मर तयार होता. विटेएवढा लोखंडी डबा, विटेहून जड. त्याच्यावर चपट्या पिनेचं सॉकेट. मिस्त्रींनी मीटर लावून आकडा दाखवला.

"शंभर?" मी म्हणाले. "एकशेवीस म्हणालात ना?" ऐकून ऐकून मी आता शहाणी झाले होते.

"तिकडची लाइट सेकंदाला साठ हेलकावं खाती, आपली पन्नास. व्होल्टेज मी कापतो, पण ह्ये हेलकावं माझ्या हातात न्हाईत. पन्नासवर एकशेवीस दिलं तर हे वेटोळं तापणार. म्हणून शंभरच. जरा सावकाश चालंल, दहा मिनिटाचं बारा मिनिट करंल. चालतंय?"

"चालतंय," मी म्हणाले. आणि मग त्यांनी विचारलं, "घरात अर्थिंग हाय, का नुसतं भोक हाय?"

"आहे की."

"असंच म्हणालासा हुता ट्रान्सफॉर्मरला बी."

म्हणून ते स्कूटरवर माझ्यामागून घरी आले. टेस्टरचा दिवा त्या पुढच्या खोलीतल्या सॉकेटला लावला. तिसरं भोक खरंच शोभेचं होतं. मागे वायरच नव्हती. स्वयंपाकघरात फ्रीजच्या सॉकेटला अर्थिंग होतं, तिथून त्यांनी वायर ओढली. ट्रान्सफॉर्मर पलंगापासून लांब, अंग पुसायच्या पाण्याचे शिंतोडे उडणार नाहीत अशा उंचीवर फळी ठोकून ठेवला. "वर कापड टाकायचं न्हाय. त्याला बी घाम येतोय."

अव्वा सगळं बघत होत्या. "कोण गं हे?"

"मिस्त्री. मशीन बसवायला आलेत."

"परवा तू बसवलंस ते?"

मिस्त्री पाठमोरेच म्हणाले, "अव्वा, परदेशातनं आलंय. हितल्या लाइटची सवय लावाय लागती."

बटण त्यांनी मला दाबायला लावलं. मी मागे सरकले होते, पण "दाबा की, चावत न्हाय" म्हणाले. मशीन मांजरासारखं घुरघुरलं. एक नळकांडं फुगलं, मग पुढचं सोडून तिसरं. मी डोळे फाडून धूर शोधत होते. बारा मिनिटांनी हवेने वाट बदलली तेव्हा मिस्त्री चहाचा कप खाली ठेवून उठले.

शनिवारी डॉक्टरांनी जखम वाकून पाहिली. मी भिंतीला टेकून उभी. "कड खराब झाली होती," ते म्हणाले, "पण आत उतरलेली नाही. आता ह्या गादीवर बघू." ह्यांनी फळीवरचा डबा बघितला आणि म्हणाले, "व्वा, भारीच सोय केलीस." मी पटकन चहा टाकायला गेले.

त्या डब्याने मला जे शिकवलं ते आज घरादाराला पुरतंय. आता अमेरिकेहून नातवंडं आली की मी दारातच बॅगा अडवते. मोबाइलचा, लॅपटॉपचा चार्जर उलटा करायचा, बारीक अक्षर वाचायचं. १०० ते २४० लिहिलंय, तर तो कुठेही जेवतो, नुसती पिन बदलणारा अडॅप्टर पुरे. एकटं १२० लिहिलंय, तर अडॅप्टर म्हणजे आत्महत्या. तो पिन बदलतो, वीज बदलत नाही. आणि तापणारी वस्तू, इस्त्री, केस वाळवायचं, केस सरळ करायचं, असलं तर परत बॅगेत. त्यांची भूक राक्षसाची. त्यांना पुरेल असा ट्रान्सफॉर्मर घरात आणायचा तर आधी दोघांनी उचलायला यावं लागेल. नात परवा म्हणाली, "आजी, तू एअरपोर्टवाल्यांपेक्षा वाईट आहेस." म्हटलं, त्यांनी कुणाच्या गादीचं मशीन जाळलं नाही, मी जाळलंय.

पण अव्वांचं राहिलं.

मशीन सावकाश, न थकता चालत राहिलं. लाइट गेली की तेवढी मी धावायची, नळ्या दुमडून बांधायची. पंधरा दिवसांत जखमेची कड गुलाबी झाली. महिन्याने लिंबाची सुपारी झाली. मला पंख फुटले. कूस बदलायचं काम होतंच, पण आता धास्ती गेली होती. तीन तासांनी वळवलं तरी चालेल असं डॉक्टरच म्हणाले. मी पुन्हा भजनी मंडळात जायला लागले, कुणाचा फ्यूज उडाला की स्टुलावर चढायला लागले. जाता-येता दारातूनच विचारायची, "अव्वा, हवा आहे ना?" त्या आतून म्हणायच्या, "हाय." भावजींचा फोन यायचा, "वहिनी, मशीन कसं आहे?" मी म्हणायची, "झकास." त्यात खोटं काहीच नव्हतं.

अडीच महिन्यांनी डॉक्टरांनी पट्टी सोडली ती परत बांधली नाही. तिथे बाळाच्या टाचेसारखी कोवळी, चकचकीत कातडी आली होती. डॉक्टर गेले. मी अव्वांना सरळ केलं, पांघरूण घातलं. भजनाला जायची वेळ झाली होती, पिशवी खांद्याला होती, चपला पायात होत्या. दारापर्यंत गेले आणि काय झालं कुणास ठाऊक, तिथूनच, पाठ करून म्हणाले, "अव्वा, ते मशीन मी जाळलं होतं. पहिल्याच दिवशी. लसूण नव्हता तो. भावजींनी सांगितलेलं मी नीट ऐकलं नाही. तुमची पाठ माझ्यापायी जात होती. माफ करा मला."

मी वळून पाहिलं. अव्वा माझ्या पायातल्या चपलांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या,

"म्हाईत हाय गं. त्या तीन दिसांत तू माझ्यापाशी बसलीस, तीस वर्सांत पयल्यांदा. मशीन सुरू झालं आणि तू परत दारातनंच इचाराय लागलीस. जाळ की परत ते."